घरच्या बागेसाठी ठिबक: आधी टाकीची उंची मोजा

पाण्याच्या टाकीचा तळ गच्चीच्या फरशीपासून किती फूट वर आहे, हे ठाऊक नसेल तर ठिबकचं काहीही विकत घेऊ नका. मी घेतलं होतं. 'तीस कुंड्यांसाठी संपूर्ण संच' असं लिहिलेला खोका घरी आला, अख्खा रविवार नळ्या कापण्यात गेला, संध्याकाळी मोठ्या कौतुकाने कॉक उघडला. टाकीजवळच्या चार-पाच कुंड्यांत पाणी टपटपलं आणि तिथेच थांबलं. शेवटच्या टोकाच्या मोगऱ्यापर्यंत थेंबही पोचला नाही. कचरा अडकला असेल म्हणून प्रत्येक ड्रिपर, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणारी छोटी तोटी, काढून फुंकून पाहिला. कचरा नव्हताच.

आम्ही नाशिकचे. द्राक्षबागांमुळे इथे ठिबकचं सामान विकणारी दुकानं भरपूर आहेत. त्यातल्या एका दुकानात तो ड्रिपर दाखवला. दुकानदाराने तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि एकच प्रश्न विचारला, "ताई, टाकी किती उंच आहे?"

खोका विकणाऱ्याने हे विचारलं नव्हतं, आणि विचारायला हवं हे मलाही माहीत नव्हतं.

दाबाचं गणित

पाण्याची पातळी ड्रिपरपेक्षा जितकी उंच, तितका दाब. दहा मीटर उंचीला साधारण एक किलोचा दाब मिळतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. ठिबकवाले नुसतं 'एक किलो प्रेशर' म्हणतात. ड्रिपरवर '४ लिटर प्रति तास' लिहिलेलं असतं, ते याच एका किलोच्या हिशेबाने.

आमच्या रो-हाऊसच्या गच्चीवर टाकीचा चौथरा पाच फुटांचा आहे आणि टाकी चार फूट उंच. कुंडीची उंची एक फूट वजा केली आणि टाकी निम्म्याहून थोडी जास्त भरलेली धरली, तर पाण्याची पातळी ड्रिपरपेक्षा साडेसहा फूट, म्हणजे दोन मीटर वर राहते. दाब झाला फक्त ०.२ किलो. संचातले ड्रिपर 'पीसी' जातीचे होते, म्हणजे दाब कमीजास्त झाला तरी पाणी सारखंच देणारे. त्यांच्या आत रबराची बारीक चकती असते. तिला नीट काम करायला साधारण अर्धा ते एक किलो दाब लागतो. माझ्या ०.२ किलोत ती नीट चालणार कशी?

गंमत अशी की आमच्याच घराच्या मागच्या अंगणात हेच ड्रिपर उत्तम चालतात. गच्चीपासून जमीन एकवीस फूट खाली आहे. चौथरा आणि टाकीतलं पाणी धरून पातळी अठ्ठावीस फूट, म्हणजे साडेआठ मीटर उंच जाते. दाब ०.८५ किलो. एकच टाकी, एकच घर, पण दाब दोन तऱ्हेचे आणि म्हणून ठिबकही दोन तऱ्हेचं. गच्चीला साधे, नॉन-पीसी ड्रिपर आणि अंगणाला पीसी.

साध्या ड्रिपरमधून कमी दाबाला किती पाणी येईल, याचा हिशेब शाळेतल्या वर्गमुळाने होतो. ०.२ चं वर्गमूळ साधारण ०.४५. चार लिटरचा ड्रिपर माझ्या गच्चीवर तासाला ४ गुणिले ०.४५, म्हणजे १.८ लिटर देतो. टाकी काठोकाठ असेल तर जवळपास दोन लिटर आणि पातळी खाली गेली की १.६. एवढा फरक झाडं चालवून घेतात.

आणखी एक. गच्चीवर लोखंडी मांडणी असेल आणि वरच्या फळीवरच्या कुंड्या बाकीच्यांपेक्षा दोन फूट उंच असतील, तर त्यांना मिळणारं पाणी दीड लिटरवर येतं. अंगणात दोन फुटांचा चढउतार कुणाच्या लक्षातही येत नाही, पण गच्चीवर तो फार मोठा असतो. वरच्या फळीवर कमी तहानेची झाडं ठेवा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एवढंच: टाकी सहा मजले वर असेल तर तुमच्या बाल्कनीच्या नळाला दोन किलोपर्यंत दाब असू शकतो. तिथे पीसी ड्रिपर बिनधास्त वापरा. दाब त्याहूनही जास्त असेल तर सांधे सुटतात, मग दाब कमी करणारा छोटा रेग्युलेटर लागतो. सोसायटीच्या सामाईक टाकीला नवीन भोक पाडायचं असेल तर आधी कमिटीशी बोला, आणि महापालिकेच्या थेट लाइनला ठिबक कधीही जोडू नका. पुरवठा बंद झाल्यावर नळी उलटं शोषते आणि कुंडीतलं पाणी प्यायच्या पाण्यात जाऊ शकतं.

कुंड्या मोजा, पण आकाराने

माझ्याकडे गच्चीवर चौतीस कुंड्या आहेत. कागद घेऊन बसले आणि तीन गट केले. बारा इंची बावीस: मिरची, टोमॅटो, तुळस, गुलाब, शेवंती, मोगरा. मोठ्या सात: जास्वंद, कढीपत्ता, अळू, कारल्याच्या वेलाची मोठी पिशवी वगैरे. आणि पाच कुंड्या कोरफड आणि अडेनियमच्या. या पाचांना ठिबक द्यायचंच नाही. त्यांना आठवड्यातून एकदा तांब्याने पाणी. रोज ठिबकलं तर अडेनियमचं खोड आतून सडतं आणि ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

टाइमर एक, लाइन एक, म्हणजे सगळ्या कुंड्यांना वेळ सारखाच मिळणार. मग कमीजास्त तहान भागवायची कशी? ड्रिपरच्या संख्येने. बारा इंची कुंडीला एक, मोठीला दोन. अळूला मी तीन लावले, कारण अळू म्हणजे अळू. एकूण सदतीस ड्रिपर झाले. सदतीस गुणिले १.८, म्हणजे तासाला सदुसष्ट लिटर. सोळा मिलिमीटरच्या नळीला हे काहीच नाही.

आता एका झाडाला रोज किती पाणी, हा सगळ्यांचा प्रश्न. एक चौरस मीटर जागेवरून एक मिलिमीटर पाणी उडालं, तर ते बरोबर एक लिटर होतं. घाटावर एप्रिल-मेमध्ये दिवसाला साधारण आठ ते दहा मिलिमीटर बाष्पीभवन होतं आणि हिवाळ्यात तीन-चार. कोकणात हवा दमट, म्हणून उन्हाळ्यातही घाटापेक्षा कमी. हिशेब करताना कुंडीचं तोंड मोजू नका, झाडाचा पसारा मोजा, कारण पाणी पानांतून उडतं. दीड फूट पसाऱ्याच्या टोमॅटोचं क्षेत्रफळ ०.१६ चौरस मीटर. त्याला आठने गुणलं की सव्वा लिटर. तासाला १.८ लिटर देणाऱ्या ड्रिपरला त्यासाठी चाळीस मिनिटं लागतात. माझं उन्हाळ्याचं वेळापत्रक इथून आलं. हिवाळ्यात तेच वीस मिनिटांवर येतं.

हा आकडा फक्त सुरुवातीचा आहे. आठवडाभराने कुंडीत बोट दोन पेरं खुपसून बघा. ओल लागली नाही तर पाच मिनिटं वाढवा. खालच्या भोकातून पाणी वाहत असेल तर कमी करा.

दुकानात

शक्यतो शेतकऱ्यांच्या दुकानातूनच सामान घ्या. तिथे पाच मीटर नळी आणि सात जोड सुटे मिळतात, आणि पुढच्या वर्षी तोच जोड पुन्हा मिळतो. खोक्यातल्या संचांची मापं कधीकधी इतकी वेगळी असतात की एक टी (तीन तोंडांचा जोड) तुटला की सगळी नळी बाद.

काउंटरवर पहिला प्रश्न येईल, "ऑनलाइन पाहिजे का इनलाइन?" मी उत्तर दिलं होतं, "नाही दादा, ऑनलाइन नको, इथूनच नेते." दुकानात असलेले दोन्ही शेतकरी मनापासून हसले. इनलाइन म्हणजे नळीच्या आतच ठरावीक अंतरावर, ३०, ४० किंवा ५० सेंटिमीटरवर ड्रिपर बसवलेले असतात. मेथी-पालकाच्या वाफ्याला हे उत्तम. ऑनलाइन म्हणजे साध्या नळीला हवं तिथे भोक पाडून बाहेरून ड्रिपर टोचायचा. कुंड्या सारख्या अंतरावर नसतात, म्हणून कुंड्यांना ऑनलाइनच.

माझ्या गच्चीसाठी मी काय आणलं ते सांगते: १६ मिलिमीटरची काळी लॅटरल, म्हणजे सगळ्या कुंड्यांजवळून फिरणारी मुख्य नळी, पंचवीस मीटर. ४ मिलिमीटरची मायक्रोट्यूब, म्हणजे लॅटरलपासून कुंडीपर्यंतची बारीक नळी, वीस मीटर. पुढे बारीक नळी बसेल असं तोंड असलेले, उघडून साफ करता येणारे चार लिटरचे साधे ड्रिपर पंचेचाळीस, म्हणजे थोडे जास्तच. टी, एल्बो (काटकोनी जोड), जॉइनर. भोक पाडायचा पंच, चुकलेली भोकं बुजवायच्या गुंड्या, मायक्रोट्यूब मातीत धरून ठेवणाऱ्या काड्या. एक कॉक, टँक निपल, टेफ्लॉन टेप, आणि १२० मेशचा जाळीचा फिल्टर. फिल्टर पाऊण किंवा एक इंचीच घ्या. कमी दाबाच्या लाइनवर लहान फिल्टर थोडा तुंबला तरी उरलासुरला दाब खाऊन टाकतो.

नळी काळीच हवी. हिरवी पारदर्शक नळी दिसते छान, पण उन्हात तिच्यात शेवाळ धरतं आणि ते सुटून ड्रिपरमध्ये अडकतं.

जोडणी

टाकीला भोक कुठे पाडायचं यावर दोन मिनिटं विचार करा. प्लंबर तळाशी पाडतो, कारण त्याला तीच सवय. मी तळापासून दीड फुटावर पाडून घेतलं. टाइमर उघडा राहून अडकला, तर ठिबक फक्त वरचं पाणी संपवेल. खालचं दीड फूट पाणी घरासाठी शिल्लक राहील. "मग दाब कमी नाही का होणार?" असं प्लंबरनेही विचारलं. नाही होत. दाब ठरतो पाण्याच्या पातळीवरून, भोकाच्या जागेवरून नाही.

भोकाला टँक निपल, मग कॉक, मग फिल्टर, मग टाइमर, आणि त्यानंतर लॅटरल, हाच क्रम ठेवा. फिल्टर टाइमरच्या आधी असला की टाइमरच्या व्हॉल्व्हमध्ये रेती जात नाही. फिल्टरवर बाण असतो, पाण्याची दिशा दाखवणारा. तो उलटा बसवलेला मी दोन ओळखीच्या घरी पाहिला आहे, त्यातलं एक घर इंजिनिअरचं.

टाकीपासून निघालेली नळी उतरतच गेली पाहिजे. वाटेत दाराच्या चौकटीवरून किंवा कठड्यावरून वर चढून परत खाली आली, तर त्या उंचवट्यात हवा अडकते. मोठ्या दाबाची लाइन ती हवा ढकलून देते, गच्चीची लाइन तिथेच अडून बसते. दुसरा रस्ताच नसेल तर उंचवट्याच्या माथ्यावर टी लावून त्यातून एक बारीक नळी सरळ वर, टाकीच्या काठापेक्षा उंच नेऊन उघडी ठेवा. हवा तिथून निघून जाते.

लॅटरल अंथरण्याआधी तिचं वेटोळं तासभर उन्हात टाका. गारठलेली नळी सापासारखी उसळते, तापलेली शहाण्यासारखी पडून राहते. मात्र कापताना ताणून कापू नका. ही नळी उन्हात लांबते आणि थंडीत आखडते. डिसेंबरच्या पहाटे ताणलेल्या नळीचे सांधे आपोआप निघतात. दर पाच मीटरला वीतभर सैल सोडा.

कठड्याच्या कडेने नळी फिरवून मी शेवटचं टोक बंद करण्याऐवजी टी लावून परत सुरुवातीच्या नळीला जोडलं. कडं झालं. आता प्रत्येक कुंडीला दोन बाजूंनी पाणी येतं आणि पहिल्या-शेवटच्या कुंडीतला फरक कमी होतो. कड्याच्या सर्वांत खालच्या जागी एक टी लावून त्याला छोटा कॉक बसवा. लाइन धुवायला तो लागेल.

जोड नळीत जात नसेल तर जोर लावू नका. नळीचं टोक गरम पाण्याच्या पेल्यात अर्धा मिनिट बुडवा, मग ते सहज सरकतं आणि थंड झालं की घट्ट बसतं. तेल किंवा साबण लावायची युक्ती काही जण सांगतात. लावलं तर जोड आत जातो तितक्याच सहज बाहेरही येतो.

भोक नळीच्या बाजूला पाडा, तळाला नाही. तळाशी गाळ बसतो आणि तो पहिल्यांदा ड्रिपरमध्येच जातो. पंच सरळ धरून एकदाच दाबायचा. भोक तिरकं झालं की ड्रिपरच्या बुडाशी पाणी झिरपत राहतं. खिळा तापवून भोक पाडणारे बहाद्दर आहेत, पण ते भोक गोल राहत नाही.

ड्रिपर लॅटरलवर आणि त्याच्या तोंडापासून मायक्रोट्यूब कुंडीपर्यंत, अशी मांडणी मला पसंत आहे. उलटंही करता येतं: मायक्रोट्यूब लॅटरलपासून निघून कुंडीत जाते आणि ड्रिपर तिच्या टोकाला. पण मग मांजराच्या धक्क्याने तो टोकाचा ड्रिपर निसटला की त्या कुंडीत धबधबा सुरू होतो आणि बाकीच्या कोरड्या राहतात. ड्रिपर लॅटरलवर असला तर नळी निसटूनही पाणी मापातच पडतं. मायक्रोट्यूबचं टोक मातीत पुरू नका, दोन बोटं वर राहू द्या. कॉक बंद झाल्यावर लाइनमधलं पाणी सखल कुंड्यांकडे उतरतं आणि उंच कुंड्यांमधून हवा आत ओढली जाते. टोक मातीत असेल तर हवेबरोबर मातीही जाते.

शेवटी एक गोष्ट, जी सगळे घाईत विसरतात: ड्रिपर बसवण्याआधी आणि तो खालचा कॉक बंद करण्याआधी लाइनमधून पाच मिनिटं पाणी सोडून द्या. नळी कापताना पडलेला प्लॅस्टिकचा चुरा, टेफ्लॉनचे तुकडे, गच्चीवरची धूळ सगळं निघून जातं.

वाट्यांची परीक्षा

स्वयंपाकघरातून पाच एकसारखी भांडी आणा आणि पहिल्या, शेवटच्या, मधल्या, सर्वांत उंच आणि सर्वांत सखल ड्रिपरखाली ठेवा. घड्याळ लावून अर्धा तास. मग मापाच्या भांड्याने मोजा. माझ्या हिशेबाने नऊशे मिलिलिटर यायला हवं होतं. आलं आठशे वीसपासून साडेनऊशेपर्यंत. दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे असेल तर पोळ्या करायला जा.

सगळ्याच भांड्यांत कमी आलं तर दोष टाकीजवळ असतो: अर्धवट उघडा कॉक, घाणेरडा फिल्टर, कुठेतरी अडकलेली हवा. एकाच भांड्यात कमी आलं तर तो ड्रिपर उघडून धुवा. एका बाजूच्या सगळ्यांत कमी आलं तर तिथल्या कोपऱ्यात नळी मुडपली आहे. कोपऱ्यावर नळी वाकवू नका, एल्बो लावा. हे आकडे पेन्सिलने टाकीच्या चौथऱ्यावर लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजाल तेव्हा तुलना करता येते.

टाइमर

ठिबकमधली सर्वांत महागडी वस्तू टाइमर, आणि गच्चीवाल्यांची सर्वांत जास्त फसगत होते तीही इथेच. नळाला लागणारे बॅटरीवरचे टाइमर दोन जातींचे. सोलेनॉइडवाल्यांच्या (विजेच्या चुंबकावर चालणाऱ्यांच्या) आत पडदा असतो आणि तो पाण्याच्या दाबानेच उघडतो, मिटतो. दाब कमी असेल तर तो धड उघडत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे धड बंद होत नाही. दुसऱ्या जातीत छोटी मोटर एक बॉल व्हॉल्व्ह फिरवते. त्याला दाबाची गरजच नसते. खोक्यावर चालण्याचा दाब शून्यापासून सुरू होतोय का, तेवढं वाचा. टाकीच्या पाण्याला हाच घ्या. अंगणातल्या ०.८५ किलोला किंवा फ्लॅटच्या नळाला दोन्ही चालतात.

उन्हाळ्यात मी सकाळी साडेपाचला पंचवीस मिनिटं आणि संध्याकाळी सातला पंधरा मिनिटं ठेवते. दुपारी कधीच नाही. मे महिन्यात दुपारी काळ्या नळीतलं पाणी इतकं तापतं की हात धरवत नाही, आणि तेच पहिलं पाणी मुळांवर पडतं. फार लहान हप्तेही करू नका. कमी दाबाची रिकामी लाइन भरायलाच दोन-तीन मिनिटं जातात. पाच-पाच मिनिटांचे सहा हप्ते ठेवले तर सखल कुंड्या डुंबतात आणि उंच कुंड्या तहानलेल्या राहतात.

कोकोपीट जास्त असलेल्या कुंड्यांत एक भानगड होते. कोकोपीट एकदा कडक वाळलं की पाणी पीतच नाही, थेंब कडेच्या फटीतून सरळ खाली जातो. वरून माती काळी दिसते आणि आत मूळ कोरडं. अशी कुंडी आधी बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा आणि मगच ठिबकवर घ्या.

मागचं अंगण

इथे मातीचा स्वभाव बघावा लागतो. काळ्या मातीत थेंब आडवा पसरतो, एका ड्रिपरखाली दीड-दोन फुटांचं ओलं वर्तुळ होतं. मुरमाड किंवा वाळूच्या जमिनीत तो सरळ खाली उतरतो आणि वर्तुळ जेमतेम फूटभर. वाफ्यात इनलाइन घालायची तर काळ्या मातीत दोन ओळींत दीड फूट अंतर चालतं, मुरमाड असेल तर एक फूट.

लिंबाच्या झाडाला पाणी खोडाशी देऊ नका. बुंधा सतत ओला राहिला की डिंक्या होतो, खोडातून डिंक गळायला लागतो आणि झाड हळूहळू वाळतं. दुपारी बारा वाजता झाडाची सावली जिथे संपते, तिथे चार ड्रिपर चार दिशांना. झाड वाढेल तसे ते बाहेर सरकवायचे. अडीच मीटर पसाऱ्याच्या लिंबाचं क्षेत्रफळ पाच चौरस मीटरला थोडं कमी. कडक उन्हाळ्यात आठ मिलिमीटर बाष्पीभवन आणि लिंबासाठी त्याचा साठ टक्के हिस्सा धरला तर दिवसाला तेवीस-चोवीस लिटर. चार लिटरचे चार पीसी ड्रिपर तासाला सोळा लिटर देतात. रोज दीड तास देण्यापेक्षा मी एक दिवसाआड तीन तास देते. पाणी खोल जातं आणि मुळंही त्याच्यामागे खोल जातात. रोजच्या चिमूटभर पाण्यावर वाढलेलं झाड आळशी होतं, मुळं वरच्या चार बोटांतच फिरतात. गच्चीची आणि अंगणाची वेळ इतकी वेगळी असते म्हणून दोघांना वेगळे टाइमर हवेत. एकाच टाइमरवर दोन्ही ओढायचा मोह टाळा.

ड्रिपरच्या जागी पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्या पसरल्या की ऊन थेट मातीला लागत नाही. आणि मोगऱ्याला थंडीत पाणी तोडायचं असतं, हे टाइमरला कळत नाही. डिसेंबरच्या आसपास ताण देऊन छाटणी केली की उन्हाळ्यात बहर चांगला येतो. त्या दिवसांत मोगऱ्याची मायक्रोट्यूब काढून त्या ड्रिपरच्या तोंडाला मी गुंडी लावून टाकते.

तुंबणं, गळणं आणि इतर त्रास

दर पंधरा दिवसांनी फिल्टरची जाळी काढून जुन्या टूथब्रशने धुवा आणि खालचा कॉक उघडून लाइन दोन मिनिटं वाहू द्या. बोअरचं पाणी असेल तर दर आठवड्याला. बोअरच्या पाण्यातले क्षार ड्रिपरच्या तोंडाशी पांढरे खडे होऊन बसतात, कारण पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. असे ड्रिपर काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाचं फूल (सायट्रिक ॲसिड) विरघळवलेल्या पाण्यात रात्रभर बुडवा, सकाळी ब्रश मारून धुवा. शेतकरी लाइनमध्येच ॲसिड सोडतात, घरी तो उद्योग नको. आणि व्हिनेगर किंवा कुठलंही ॲसिड ब्लीचिंग पावडरबरोबर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

ठिबकमधून खत देण्याची हौस सगळ्यांना येते. जीवामृत किंवा शेणाचं पाणी फडक्याने तीनदा गाळलं तरी ते ड्रिपर तुंबवतंच. शेतात व्हेंच्युरी, म्हणजे लाइनमध्ये खताचं पाणी ओढून घेणारं साधन, लावतात, पण तिला दाबातला फरक लागतो. गच्चीच्या ०.२ किलोवर ती काही ओढत नाही. खत तांब्यानेच द्या. त्या निमित्ताने झाडाजवळ जाणं होतं, मावा पडलाय का ते दिसतं. ठिबक लावल्यावर लोक बागेकडे फिरकतच नाहीत, हा त्याचा खरा तोटा.

पावसाळ्यात टाइमर बंद ठेवा, पण बॅटऱ्या काढून घरात ठेवा, नाहीतर त्या गळून आतले पत्रे खराब होतात. छज्ज्याखालच्या कुंड्यांना पाऊस लागत नाही हे विसरू नका, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवसांची उघडीप पडली तर पुन्हा चालू करा.

गावाला जाताना

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जायचं असेल तर निघायच्या आदल्या दिवशी नाही, निदान चार दिवस आधी सगळं चालवून बघा. नव्या बॅटऱ्या, धुतलेला फिल्टर आणि वाट्यांची परीक्षा. गच्चीला चाळीस मिनिटांत सदतीस ड्रिपरमधून पंचेचाळीस लिटर जातात आणि लिंबाला दिवसाला सरासरी चोवीस. म्हणजे दिवसाला सुमारे सत्तर. आमच्या हजार लिटरच्या टाकीत भोकाच्या वर सहाशेच्या आसपास पाणी राहतं, म्हणजे नळाला पाणी आलं नाही तरी आठवडा निघतो. त्यापुढे टाकी भरायची व्यवस्था हवी. शेजारच्या काकांकडे किल्ली ठेवताना मी त्यांना झाडांना पाणी घाला असं सांगत नाही. तीन दिवसांनी एकदा गच्चीवर जाऊन शेवटच्या मोगऱ्याची माती तेवढी ओली आहे का बघा, एवढंच सांगते. शेवटच्या कुंडीत पाणी पोचलं म्हणजे लाइन चालू आहे, एवढं तरी कळतं.

आणि खारी. एप्रिल लागला की त्या पाण्याच्या वासाने लॅटरल कुरतडतात. पहिल्या वर्षी माझ्या नळीला चार ठिकाणी दात लागले. तिखट लावून पाहिलं, कडुनिंबाचं तेल लावून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. मग एका जास्तीच्या ड्रिपरची मायक्रोट्यूब कठड्याजवळच्या मातीच्या पसरट परळात सोडली. तो परळ रोज सकाळी आपोआप भरतो. खारी, बुलबुल, साळुंक्या सगळे तिथे येतात, आणि दोन उन्हाळे झाले, नळी शाबूत आहे.